खारपाणपट्ट्यात रीफ टँक अन् शेवाळ: आरओडीआय युनिट वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

पाच पैकी चार स्टार. एक स्टार कायचा कापला ते पुढे येईलच.

वस्तू कोणती ते पहिले सांगतो. चार स्टेजचं आरओडीआय युनिट, म्हणजे पाण्यातले क्षार काढून पाणी शुद्ध करणारं मशीन. एक गाळाचा फिल्टर, एक कार्बन, एक ७५ जीपीडीचा (दिवसाला ७५ गॅलन पाणी काढणारा) क्षार अडवणारा मेंब्रेन अन् शेवटी उरलेले क्षार धरणाऱ्या डीआय रेझिनच्या दाण्यांचा पारदर्शक डबा, सोबत दोन जागी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर. नागपूरच्या एका दुकानातून मागवलं, बूस्टर पंप नंतर वेगळा घ्यावा लागला, सगळं धरून पंधरा हजाराच्या आसपास गेले. कंपनीचं नाव लिहीत नाही काहून की हेच युनिट दहा नावांनी विकल्या जाते, डबे तेच, फक्त स्टिकर वेगळं.

घेतलं शेवाळ आटोक्यात ठेवायसाठी. मी दर्यापूर तालुक्यातला, घरी दीडशे लिटरचा खाऱ्या पाण्याचा रीफ टँक आहे, म्हणजे समुद्री मासे अन् प्रवाळांचा, दोन क्लाउनफिश, झोअँथिड, मश्रूम, लेदर असे मऊ कोरल, असा साधासुधा कारभार. टँकचे फोटो टाकले की दर दुसरा माणूस विचारते भाऊ शेवाळावर कोणतं औषध टाकलं, तं त्यांच्यासाठीच हे लिहून राहिलो. बाटलीत पैसे नका घालू, पाणी बनवायच्या मशीनमध्ये घाला, पण मशीन घेऊनही काय काय होत नाही ते पण वाचून घ्या, नाही तं मलाच शिव्या द्याल.

घरच्यांचा पहिला प्रश्न मस्त होता. माय म्हणे, "अरे आपल्या बोअरचं पाणी आधीच खारट हाय, मंग तू पैसे देऊन मीठ कायले आणून राहिला?" प्रश्न हसण्यासारखा वाटते पण चुकीचा नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या आमच्या पट्ट्यात, अमरावती, अकोला, बुलढाणा तिन्ही जिल्ह्यांत, जमिनीखालचं पाणी खारंच आहे, आमच्या बोअरवर मीटर टाकला की दोन हजाराच्या वर आकडा जाते. पण समुद्राच्या एका लिटरात ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, त्यात मॅग्नेशियम १३०० मिलिग्रॅमच्या जवळपास, कॅल्शियम ४०० च्या वर, अन् हे प्रमाण ठरलेलं असते. आपल्या बोअरचा खारटपणा कोणत्याच प्रमाणात नसतो, अन् त्याच्यासोबत जे बाकीचं येते ते जास्त वाईट.

बाकीचं म्हणजे नायट्रेट. माझं कृषी केंद्र आहे, दिवसभर नत्र-स्फुरद-पालाश हेच बोलणं, त्यामुळे मला हे लवकर समजलं. शेवाळाला जे पाहिजे तेच कपाशीला पाहिजे. शेतात टाकलेल्या युरियाचं जे पिकानं नाही घेतलं ते पावसासोबत खाली उतरते अन् बोअरमधून परत वर येते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेट जास्त असलेल्या जिल्ह्यांमध्ये अमरावती, वर्धा, बुलढाणा, यवतमाळ ही आपलीच नावं आहेत. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम धरली आहे. म्हणजे पाणी अगदी नियमात बसणारं असलं, लिटरला ४० मिलिग्रॅम नायट्रेटचं, तरी ते माणसाला चालते, रीफ टँकला नाही चालत. तिथे आपण ५ ते १० च्या मधात ठेवायला धडपडतो.

आता पुणे-मुंबईचे लोक म्हणतील की भाऊ एवढं काय, थोडंसं पाणी तर बदलायचं असते. तिथेच आपला अन् त्यांचा फरक आहे. आपल्याकडे मार्च लागला की हवा कोरडी ठणठणीत, मे मध्ये ४५ च्या वर पारा, अन् टँक २६ डिग्रीवर ठेवायचा. पाणी थंड करणारा चिलर घेतला नसेल तर पाण्यावर पंखे लावायचे, कोरड्या हवेत ते लय भारी काम करतात, कुलर जसा आपल्याकडे चालते अन् मुंबईत नाही चालत तसंच. पण त्या थंडाव्याची किंमत पाण्यानं द्यावी लागते. माझ्या दीडशे लिटरमधून उन्हाळ्यात रोज चार-पाच लिटर सहज उडते. नुसतं पाणी उडते, मीठ मागं राहते, एका दिवसात खारटपणा ३५ चा ३६ होते, म्हणून रोज तेवढंच गोडं पाणी वरून टाकावं लागते. हिशोब करा, महिन्याला जवळपास दीडशे लिटर, म्हणजे पूर्ण टँकभर पाणी नुसतं टॉप-अपचं झालं. त्या पाण्यात जर ४० चं नायट्रेट असेल तर महिनाभरात टँकमध्ये ४० जमा झालं, मासे काय खातात काय हगतात ते वेगळंच. सिलिकेटचं, फॉस्फेटचं तसंच. जे आत गेलं ते आतच राहते, पाणी तेवढं वर जाते. मुंबईत दमट हवेत कमी उडते तिथे एखाद्याचं भागत असेल वीस-तीस टीडीएसच्या पाण्यावर, आपल्याकडे उन्हाळ्यात नाही भागत. या एका कारणासाठी विदर्भात आरओडीआय ही हौस नाही धरत मी, ती टँकच्या काचेइतकीच लागणारी वस्तू आहे.

घरचा प्यायचा आरओ चालते का हे पण लोक विचारतात. नाही चालत. त्यात टीडीएस कंट्रोलर असते किंवा मिनरलचा कार्ट्रिज असते, म्हणजे शुद्ध झालेल्या पाण्यात चवीसाठी परत क्षार घालते, मीटर लावून पहा साठ, सत्तर, शंभर काहीही दाखवेल. गावोगावी थंड पाण्याचे जार वाटणारे प्लांट झाले त्यांचं पण तेच, अन् त्याच्यात डीआय तर नसतेच. जारवाल्या पोट्ट्याला मी विचारलं होतं मेंब्रेन कधी बदलला, तो म्हणे पाणी गोड लागून राहिलं ना तुम्हाला, मंग झालं. प्यायच्या दृष्टीनं त्याचं बरोबर आहे.

आता मशीनबद्दल. डब्यातून काढून नळाला जोडलं तर धार अशी आली जशी सलाइन लागलं. याच्यासाठीच एक स्टार कापला. विकणाऱ्याला मी गावचं नाव सांगितलं, स्लॅबवरच्या टाकीतून पाणी येते हे पण सांगितलं, तरी त्यानं बूस्टर पंपाचा शब्द नाही काढला. मेंब्रेनवर ७५ जीपीडी लिहिलं असते ते २५ डिग्री पाणी अन् ५० च्या वर पीएसआय दाब धरून. आपल्या स्लॅबवरच्या टाकीचा हिशोब सोपा आहे, एक मीटर उंचीला साधारण दीड पीएसआय, चार-पाच मीटरवर टाकी असली तर सहा-सात पीएसआय झाला. तेवढ्या दाबावर पाणी पण कमी निघते अन् जे निघते ते चांगलं पण नसते, मेंब्रेन क्षार अडवतच नाही नीट. बूस्टर पंप लावला की तेच युनिट वेगळ्याच घराण्यातलं वाटते. पंप प्यायच्या आरओवालाच असते, दर्यापुरात आरओ दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे मिळाला, त्यानंच बसवून दिला अन् चहा पण नाही घेतला. फक्त पंप लाईनवर चालते, अन् आपल्याकडे लाईन कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून पाणी साठवायला फूड ग्रेडचा ड्रम ठेवा, लागेल तेव्हा बनवू असं इथं नाही जमत.

दुसरी गोष्ट कोणत्याच माहितीपत्रकात नव्हती. स्लॅबवरची काळी टाकी मे महिन्यात दुपारी हात भाजेल एवढी तापते. या मेंब्रेनची मर्यादा ४५ डिग्रीची असते, अन् त्याच्या अलीकडेही पाणी जेवढं गरम तेवढे क्षार जास्त पार होतात. सकाळी मेंब्रेननंतरचा आकडा आठ दाखवते तर त्याच पाण्याचा दुपारी पंधराच्या पुढे जाते. उन्हाळ्यात पहाटे पाणी बनवा, नाही तर खालच्या हौदातून घ्या.

पाणी कोणतं घालायचं? आमच्याकडे नळाला शहानूर धरणाचं येते, ते मीटरवर अडीचशेच्या आसपास, बोअरचं दोन हजार. मेंब्रेन चांगला असला तर ९६-९७ टक्के अडवते. म्हणजे नळाच्या पाण्याचे आठ-दहा उरतात अन् बोअरच्या पाण्याचे साठ-ऐंशी. उरलेलं सगळं डीआय रेझिनला उचलावं लागते, तर रेझिन बोअरवर सात-आठ पट लवकर संपते, अन् महाग वस्तू या पूर्ण मशीनमध्ये तीच एक आहे. नायट्रेट तर मेंब्रेनमधून बाकी क्षारांपेक्षा जास्त निसटते, ते पण रेझिनच्याच डोक्यावर. म्हणून नळ आला त्या दिवशी पहिले टँकचा ड्रम भरून घ्यायचा अन् मग बाकीची कामं, घरात यावरून थोडी कुरबुर होते, ते चालायचंच. नळाच्या पाण्यात ब्लिचिंग असते, क्लोरीन मेंब्रेनला खाते, तर कार्बन फिल्टर वेळेवर बदलायचा यात कंजुषी नको. बोअरला क्लोरीनची भानगड नसते पण जडपणामुळे मेंब्रेनवर खार चढते. उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवस नाही येत तेव्हा मी पण बोअरच वापरतो, मजबुरी आहे.

वाया जाणारं पाणी ही या मशीनची खरी खोट. एक लिटर चांगलं निघालं की तीन ते चार लिटर नालीत. नळाच्या पाण्याचं जे फेकल्या जाते ते फार तर सव्वातीनशे टीडीएसचं, कपडे धुवा, अंगणात टाका, म्हशीला पाजा, काही होत नाही. बोअरचं फेकलेलं मात्र अडीच हजाराच्या पुढे जाते, ते परसबागेत नका सोडू, आपल्या काळ्या जमिनीत आधीच मीठ कमी नाही. दुष्काळी वर्षात अख्खं गाव टँकरवर असताना मला हे मशीन चालवायची लाज वाटेल हे कबूल करतो, तेव्हा काय करायचं ते तेव्हा पाहू.

सुरू केल्याबरोबर निघणारं पाणी डीआयमध्ये जाऊ देऊ नका. मशीन बंद असताना मेंब्रेनच्या दोन्ही बाजूचे क्षार एकमेकात मिसळतात, म्हणून पहिली काही मिनिटं आकडा शंभरच्या वर दाखवते अन् मग खाली येते. मेंब्रेन अन् डीआयच्या मधात एक टी अन् कॉक बसवून घ्या, पहिलं पाणी बाहेर सोडा, आकडा बसला की कॉक फिरवा. पन्नास रुपयाचा सामान आहे, रेझिनचं आयुष्य किती वाढते ते वापरल्यावरच कळते. दुकानदारानं हे युनिटसोबतच द्यायला पाहिजे खरं.

आता रेझिन अन् सिलिका. नवीन टँकमध्ये पहिले येते ते तपकिरी भुकटीसारखं, वाळूवर, दगडावर, काचेवर, बोट लावलं की पुसल्या जाते. हे डायटम, एक बारीक शेवाळच. त्याचं कवचच सिलिकाचं असते, म्हणून पाण्यात सिलिकेट असेपर्यंत ते वाढते. सिलिका अशी लबाड आहे की ती पाण्यात विद्युतभार जवळपास धरतच नाही, अन् टीडीएस मीटर तर वीज किती वाहते त्याच्यावरूनच आकडा काढते. रेझिन संपत आलं की सगळ्यात पहिले जे सुटते त्यात सिलिका असते, म्हणजे मीटर बिनधास्त शून्य दाखवत असते अन् सिलिका टँकमध्ये जाऊन राहिली असते. जुना झालेला टँक, सगळं शांत, अन् एकाएकी काचेवर परत तपकिरी थर आला तर पहिले रेझिनवर शंका घ्या. रंग बदलणारं रेझिन घेतलं तर डब्यात रंग कुठपर्यंत चढला ते दिसते, डब्यातला रंग पूर्ण बदलायची वाट पाहू नका. अन् जमलं तर दोन डबे एकामागं एक लावा, पहिला संपला की दुसरा पुढे आणायचा अन् नवीन मागं. मी नंतर तसंच केलं.

बोअरवाल्यांसाठी अजून एक. बोअरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असू शकते, तो वायू असल्यामुळे मेंब्रेन त्याला अडवतच नाही, सरळ पार होते अन् रेझिन संपवते. मीटर मेंब्रेननंतर चांगला आकडा दाखवते अन् रेझिन तरी भराभरा जाते, लोक मग रेझिन डुप्लिकेट होतं म्हणून दुकानदाराशी भांडतात. यावर तोड म्हणजे आरओचं पाणी आधी उघड्या ड्रममध्ये घ्यायचं, त्यात एअर पंपाचा दगड सोडून रात्रभर बुडबुडे द्यायचे, मग सकाळी छोट्या पंपानं डीआयमधून काढायचं. झंझट आहे पण चालते.

एवढं सगळं करून शेवाळ गेलं का? पहिल्या दोन-तीन महिन्यात नाही गेलं, अन् जाणार पण नाही. शून्य टीडीएसच्या पाण्यात पण डायटम आले, काहून की नवीन वाळूत अन् नवीन दगडात स्वतःचं सिलिकेट असतेच. त्यात आपल्या देशात टँक कोरड्या दगडावरच सुरू करावा लागते. बाहेरच्या देशातले लोक समुद्रातून काढलेला जिवंत दगड टाकतात, त्याच्यावर बॅक्टेरिया, किडे, गुलाबी कोरलाइन शेवाळ सगळं आधीच बसलेलं असते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात दगडी प्रवाळ शेड्यूल १ मध्ये आहेत, वाघ आहे त्याच शेड्यूलमध्ये, म्हणून कोणी स्वस्तात समुद्राचा दगड किंवा दगडी कोरल देतो म्हटलं तर हात जोडा अन् निघा. सिरॅमिकचा दगड घ्यायचा अन् त्याच्यावर जिवाणूंची वस्ती बसायला वेळ द्यायचा. रिकाम्या वावरात पहिले तणच येते, हे आपल्याला कोणी सांगायची गरज नाही.

डायटम गेले की हिरवं आलं. पहिले काचेवर पातळ, मग दगडावर केसासारखं. याच्यात पाण्यापेक्षा खाणं अन् लाईट जास्त जबाबदार. फ्रोझन खाणं ज्या पाण्यात वितळवतो ते पाणी गाळून फेका, पांढऱ्या लाईटचं चॅनेल कमी करा, टँकवर खिडकीचं ऊन पडत असेल तर पडदा लावा, अन् हातानं उपटा. हो, हातानं. बाही वर करून, जुन्या टूथब्रशनं, पाणी बदलताना नळीनं ओढून घ्यायचं. याच्यापेक्षा चांगलं औषध अजून निघालं नाही. सेरिथ गोगलगाई अन् हर्मिट क्रॅब मदत करतात, मी मुंबईहून रेल्वे पार्सलनं मागवल्या, बडनेऱ्याला रात्री उतरवून घेतल्या, थोड्या मेल्या, बाकीच्या अजून चरून राहिल्या. पण पाऊण इंच वाढलेल्या केसांना गोगलगाई तोंड नाही लावत, आधी उपटून आखूड करून द्यावं लागते.

मग लाल चादर. वाळूवर लालसर जांभळी साय, दिवसा तिच्यावर बुडबुडे. हे शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया आहे, पाण्याचा प्रवाह जिथे मंद तिथे पहिले बसते. वेव्हमेकरचं, म्हणजे प्रवाह करणाऱ्या पंपाचं, तोंड फिरवलं, ओढून काढलं, परत आलं, परत ओढलं. बाजारात याच्यावर पावडर मिळते, एक-दोन दिवसात साफ करते हे खरं, पण एवढा थर एकदम मेला की पाण्यातला ऑक्सिजन खाली जाते, अन् त्याच रात्री लाईन गेली तर पहाटे मासे तरंगताना दिसतील. शहरात बसून ती पावडर सुचवणाऱ्यांना आपल्या विजेच्या फीडरची कल्पना नसते. वापरायचीच असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ ठेवा, अन् तो तर तसाही ठेवायलाच पाहिजे.

आता ज्याच्यामुळे लोक टँक विकून टाकतात ते, डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव. तपकिरी, शेंबडासारखं, तारा सुटतात, तारेच्या टोकाला बुडबुडा, रात्री लाईट बंद झाली की कमी दिसते अन् दुपारपर्यंत परत भरपूर. इथं आरओडीआयवाल्यांनी कान देऊन ऐका, काहून की हे आपल्यासारख्या जास्त स्वच्छता करणाऱ्यांकडेच जास्त येते. पाणी शून्याचं, वरून कोणी फॉस्फेट ओढणारं जीएफओ टाकलं, मासे दोनच, खाणं मोजून, मग नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले की बाकीचं चांगलं शेवाळ अन् जिवाणू उपाशी मरतात अन् मोकळ्या जागेत डायनो बसतात. अकोल्याच्या एका ओळखीच्याकडे असंच झालं होतं, तो त्याला डायटम समजून अजून पाणी बदलत गेला अन् ते अजून वाढत गेलं. ओळखायची सोपी रीत अशी, थोडं ओढून बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून किंवा बारीक कापडातून गाळा, गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. परत गोळा होऊन तार धरली तर डायनो समजायचं. पक्कं पाहायचं तर ओळखीच्या ज्युनियर कॉलेजच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली धरा, डायनो तुरुतुरु फिरतात, डायटम जवळपास जागेवरच असतात. उपाय उलटा आहे, पाणी बदलणं थांबवा, जीएफओ काढा, खाणं वाढवा, नायट्रेट-फॉस्फेट मोजण्यालायक होऊ द्या. काही जाती रात्री वाळू सोडून पाण्यात येतात त्यांच्यावर पाण्याला यूव्ही किरणं देणारा दिवा चालते, ज्या वाळूतच राहतात त्यांच्यावर नाही चालत. म्हणून जात पाहिल्याशिवाय यूव्ही घेऊ नका.

म्हणूनच या युनिटसोबत मोजायची वस्तू पाहिजे, नाही तर अंधारात काठ्या. नायट्रेटला सॅलिफर्टची किट पुरते, रंग मिळवायला दिवसाचा उजेड घ्या, ट्यूबलाइटखाली गुलाबी रंगाचा काही अंदाज येत नाही. फॉस्फेटला रंगाची किट नका घेऊ, आपल्याला लिटरला ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅमच्या मधलं वाचायचं असते, डोळ्यानं ते नाही दिसत. हॅना कंपनीचा अल्ट्रा लो रेंज फॉस्फरस चेकर, म्हणजे आकडा दाखवणारा छोटा मीटर, घेतला मी, आवडला. आकडा फॉस्फरसचा पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग) येते, त्याला ३.०६६ नं गुणून हजारनं भागायचं, म्हणजे २० आलं तर फॉस्फेट ०.०६ झालं, टँक एकदम मजेत. काचेच्या कुपीवर बोटाचा ठसा किंवा आत बुडबुडा राहिला तर आकडा भलताच येते, बनियनच्या कापडानं पुसून घ्या. रिएजंटची पुडी महाग पडते, एवढीच तक्रार.

सध्या टँकमध्ये काचेवर हिरवी झाक येते, आठवड्यातून एकदा मॅग्नेटनं पुसतो, दगडावर गुलाबी ठिपके धरायला लागले, केस फक्त एका कोपऱ्यात राहिले. हे सगळं मशीनमुळे झालं असं नाही म्हणत, अर्धं काम तर नुसतं थांबल्यानं झालं. मशीननं एवढं केलं की मी शेवाळ उपटून राहिलो असताना मागून कोणी खत टाकत नव्हतं.

सर्व्हिसबद्दल लिहायचं राहिलं. दुकानदाराला नंतर दोनदा फोन केला, उचलला, नीट बोलला, पंपाचं विचारल्यावर म्हणे तुम्ही विचारलं नाही. ठीक आहे. पण सर्व्हिसची तशी गरजच नाही पडत, हा या युनिटचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट. गाळाचा फिल्टर दहा इंची साधा स्पनवाला, मेंब्रेन घरच्या आरओच्याच मापाचा, पाइप, एल्बो, पंप सगळं तालुक्याच्या ठिकाणी मिळते अन् आपला मिस्त्री डोळे मिटून बदलून देते. घेताना हेच पाहा, स्वतःच्याच मापाचे बंद कार्ट्रिज असलेलं चकाचक युनिट गावात घेऊन काही फायदा नाही, एक कार्ट्रिज संपलं की कुरिअरची वाट पाहत बसा. मीटर मात्र सोबत आला तो हलका वाटला, मी वेगळा हातातला घेतला अन् दोन्हीत दोन-तीनचा फरक येते.

वीस-तीस लिटरचा छोटा टँक असेल तर हे नका घेऊ. अमरावती-नागपूरला जाणं होत असेल तर तिथून डीआयचं पाणी कॅनमध्ये आणा, मीटर सोबत न्या अन् दुकानातच मोजून घ्या. शंभर लिटरच्या वर गेला अन् उन्हाळ्यात पंख्यावर टँक चालवणार असाल तर पहिले हे घ्या, लाईट-वेव्हमेकर थोडे हलके घेतले तरी चालतात.

एक काम होतं. अमरावती-अकोला भागात कोणी डीआय रेझिन घाऊक मागवत असेल तर सांगा, अर्धी बॅग मी घेतो. एकट्याला पूर्ण बॅग लय होते, अन् एकदा उघडली की ओल टिकवणं कठीण, आपल्या मे महिन्यात सुकून जाईल.